जुनी ऑटोमॅटिक गाडी घेताय? आधी तिचा गिअरबॉक्स तपासायला शिका

दहा-पंधरा वर्षे चाललेली कौटुंबिक ऑटोमॅटिक गाडी घेताना लोक इंजिनाचा आवाज ऐकतात, पत्रा ठोकून पाहतात, टायर बघतात आणि लिव्हर ‘डी’वर (पुढे जाण्याच्या खाचेवर) टाकून एक छोटी चक्कर मारून येतात. गिअरबॉक्सचे दुखणे त्या छोट्या चकरेत दिसत नाही. ते दिसते सहा महिन्यांनी, भर चढावर. तोवर गिअरबॉक्स उघडायची वेळ आलेली असते, खर्च गाडीच्या उरलेल्या किमतीला भिडतो आणि धडधाकट इंजिनाची गाडी भंगारात निघते. मला याचे फार वाईट वाटते, कारण यातले बरेच गिअरबॉक्स कितीतरी आधीपासून लक्षणे दाखवत असतात. तेल काळे पडलेले असते, गिअर पडायला उशीर लागत असतो, एका ठरावीक वेगाला गाडी थरथरत असते. ही लक्षणे ओळखता आली तर चुकीची गाडी घरी येत नाही आणि घरची गाडी वेळेत वाचते.

आजवर फक्त क्लच दाबून गिअर टाकायची गाडी चालवलेल्या आणि आता जुनी ऑटोमॅटिक घेऊ पाहणाऱ्या, किंवा नुकतीच घेतलेल्या वाचकासाठी हे लिहितो आहे.

पायरी १ : गिअरबॉक्स कोणत्या जातीचा आहे ते शोधा

‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली चार वेगळी यंत्रे येतात. ती वेगवेगळ्या कारणांनी बिघडतात, म्हणून ही माहिती सगळ्यात आधी हवी. मालकाच्या पुस्तिकेत ती मिळते. पुस्तिका हरवली असेल तर मॉडेल, वर्ष आणि इंजिन यांवरून शोधा.

पहिला प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलाने भरलेला बंद डबा असतो. इंजिन त्यातले तेल फिरवते आणि ते तेल पुढचा पंखा फिरवते. मागे एकमेकांभोवती फिरणारे प्लॅनेटरी गिअर, ते पकडणाऱ्या क्लच प्लेट आणि तेलाचा दाब कुठे सोडायचा ते ठरवणारी व्हॉल्व्ह बॉडी असते. जुन्या कौटुंबिक गाड्यांत हा प्रकार सर्वांत जास्त सापडतो, आणि माझ्या मते नवख्याने जुनी ऑटोमॅटिक घ्यायची तर हीच घ्यावी. तेल वेळेवर बदललेला चांगला टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्स इंजिनाइतका टिकू शकतो.

दुसरा सीव्हीटी. यात पायऱ्यांचे गिअर नसतात. दोन पुलींमध्ये पोलादी पट्टा किंवा साखळी असते आणि पुलींचा व्यास सतत बदलतो. पट्टा एकदा घसरला की पुलीच्या पृष्ठभागावर ओरखडे पडतात, आणि मग दुरुस्तीला फारशी जागा उरत नाही. तिसरा ड्युअल क्लच : दोन क्लच, एक सम गिअरांचा, दुसरा विषम गिअरांचा. यात तेलात बुडालेले ‘ओले’ क्लच आणि ‘कोरडे’ क्लच असे दोन उपप्रकार आहेत. रांगत्या वाहतुकीत कोरडे क्लच लवकर तापतात. चौथा एएमटी, म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, ज्याचा क्लच आणि गिअर मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा चालवते. त्याचे दुखणे बहुधा क्लच प्लेट आणि ती चालवणारी यंत्रणा, म्हणजे ॲक्च्युएटर, यांपुरते असते.

प्रकार कळला की त्या नेमक्या मॉडेलचा इतिहास पाहा. एकाच कंपनीचा एक गिअरबॉक्स दणकट आणि दुसरा कुप्रसिद्ध असू शकतो, म्हणून कंपनीच्या नावावर विसंबू नका. होंडाने २००४ साली अमेरिकेत ओडिसी, पायलट, सहा सिलिंडरची अकॉर्ड आणि होंडाच्याच अक्युरा या ब्रँडच्या काही गाड्या मिळून दहा लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या. त्यांच्यात दुसरा गिअर जास्त तापून त्याचे दात तुटण्याचा धोका होता. निसानने २००३ ते २०१० च्या सीव्हीटी गाड्यांची गिअरबॉक्सची वॉरंटी अमेरिकेत १० वर्षे किंवा १ लाख २० हजार मैलांपर्यंत वाढवली. फोर्डच्या २०११ ते २०१६ च्या फिएस्टा आणि २०१२ ते २०१६ च्या फोकसमधला कोरडा ड्युअल क्लच थरथरण्यासाठी ओळखला जातो. त्याचे एक कारण म्हणजे सीलमधून गळलेले तेल कोरड्या क्लचवर जाणे. अशी गाडी समोर आली तर ती सरसकट नाकारायची गरज नाही. सुधारित भाग बसवल्याचा कागद मागा. कागद नसेल तर पुढची गाडी बघा.

पायरी २ : तेल तपासा

सगळा वेळ एकाच गोष्टीला देता येणार असेल तर तो तेलाला द्या.

ऑटोमॅटिकचे तेल, ज्याला एटीएफ म्हणतात, एकाच वेळी चार कामे करते. ते शक्ती पोहोचवते, दाबाने क्लच आवळते, भाग वंगणते आणि उष्णता वाहून नेते. शिवाय क्लच प्लेट किती घट्ट आणि किती मऊपणे पकडायच्या, तेही त्यातल्या रसायनांवर ठरते. म्हणून इंजिन ऑइल जुने झाले तर इंजिन बराच काळ कुरकुरत चालते, पण एटीएफ जुने झाले की गिअर बदलण्याची रीतच बिघडते. नेहमीच्या वापरात या तेलाचे तापमान साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस असते. त्याच्या वर प्रत्येक १० अंशांना तेलाचे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. चढावर जड सामान ओढणे, तासन्‌तास रांगती वाहतूक, गाळाने भरलेला रेडिएटर : या सगळ्यांचा हिशेब शेवटी तेलात उमटतो.

गाडीला गिअरबॉक्सची डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, असेल तर काम सोपे. बहुतेक गाड्यांत तेल गरम असताना, इंजिन चालू ठेवून, लिव्हर ‘पी’त (पार्किंगच्या खाचेत) ठेवून पातळी पाहतात. होंडाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत मात्र गरम इंजिन बंद करून ६० ते ९० सेकंदांच्या आत पाहायची असते. पद्धत पुस्तिकेतून घ्या, अंदाजाने नको. अनेक गाड्यांना डिपस्टिकच नसते. त्यांची पातळी गाडी सपाट उचलून, तेल ठरावीक तापमानाला असताना, बाजूच्या बोल्टमधून पाहतात. ते काम मेकॅनिकचे.

डिपस्टिकवरचा थेंब पांढऱ्या टिश्यूवर टेकवा आणि उजेडात बघा. नवे एटीएफ बहुधा लाल आणि पारदर्शक असते, पण काही कंपन्या हिरवे, पिवळसर किंवा निळेही वापरतात. लालसर तपकिरी रंग म्हणजे तेल जुने झाले आहे, बदला. काळपट रंग आणि जळकट वास म्हणजे क्लच प्लेट घासल्या गेल्या आहेत. बोटांमध्ये चोळल्यावर चकाकणारे कण जाणवले तर कुठलातरी धातूचा भाग झिजतो आहे. आणि तेल गुलाबी, दुधाळ दिसले तर तिथेच थांबा. रेडिएटरच्या आत असलेला तेलाचा कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरला आहे. २००५ ते २०१० च्या निसान पाथफाइंडर, एक्सटेरा आणि फ्रंटियर या गाड्या याच कारणासाठी बदनाम आहेत. कूलंट क्लच प्लेटवरचा चिकटवलेला थर सोडवतो, म्हणून असे तेल सापडलेली गाडी कितीही छान चालत असली तरी घेऊ नका. स्वतःच्या गाडीत सापडले तर ती चालवू नका, उचलून न्या.

‘हे तेल आयुष्यभराचे आहे, बदलायचेच नाही’ हे वाक्य तुम्हाला ऐकवले जाईल. ते मानू नका. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी मोठी जर्मन कंपनी स्वतः आपल्या गिअरबॉक्सचे तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरांना, किंवा फार तर ८ वर्षांनी बदलायला सांगते. गाडी बनवणारी कंपनी काहीही म्हणो, जुन्या गाडीला ६० हजार ते ८० हजार किलोमीटरांचा टप्पा मी योग्य मानतो. सीव्हीटीला त्याहून थोडा लवकरचा.

तेल कोणते, हा प्रश्न तेल कधी याहून मोठा आहे. क्रायस्लरने १९८९ मध्ये पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा चार गिअरचा ‘अल्ट्राड्राइव्ह’ आणला. त्याला कंपनीचे खास तेल लागत होते, पण डेक्स्रॉन हे सर्रास मिळणारे एटीएफ चालेल अशी सूचना मालकांपर्यंत गेली. डेक्स्रॉन भरलेले गिअरबॉक्स थरथरू लागले आणि लवकर मेले. म्हणून डब्यावर ‘सर्व ऑटोमॅटिक गाड्यांसाठी’ असे लिहिलेले पाहून भुलू नका. पुस्तिकेत दिलेले नेमके नाव बघा : टोयोटाचे डब्ल्यूएस, होंडाचे डीडब्ल्यू-१, क्रायस्लरचे एटीएफ+४, निसानच्या सीव्हीटीचे एनएस-२ किंवा एनएस-३. सीव्हीटीत साधे एटीएफ कधीही घालू नका, पट्टा घसरतो.

आता सर्वांत वादाचा प्रश्न : गेल्या दीड लाख किलोमीटरांत तेल कधीच बदललेले नाही, तर आता बदलावे का? ‘नवे तेल घातले आणि दुसऱ्याच आठवड्यात गिअरबॉक्स गेला’ ही तक्रार खोटी नसते, पण तिची उकल वेगळी आहे. अशा गाडीचा गिअरबॉक्स आधीच घसरत असतो आणि मालक शेवटचा उपाय म्हणून तेल बदलतो. माझा सल्ला असा : गिअर नीट पडत असतील, तेल तपकिरी पण जळके नसेल, तर बदला. यंत्राने दाबाखाली धुऊन काढू नका, कारण साचलेला गाळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत अडकू शकतो. तळाचा बोल्ट काढून जेवढे उतरेल तेवढे उतरवा आणि मोजून तेवढेच भरा. टॉर्क कन्व्हर्टरमधले तेल आतच राहत असल्याने एका वेळी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मे तेल बदलते. काही शे किलोमीटर चालवून हेच पुन्हा दोनदा करा. शक्य असेल तिथे चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाची तेलाची परात, उघडून फिल्टर बदला आणि चेंबरमधल्या चुंबकावर काय जमले आहे ते पाहा. राखाडी मऊ चिखल ही वयाची झीज आहे, तो पुसून टाका. टोकदार तुकडे दिसले तर आत काहीतरी तुटले आहे. आणि गिअर आधीच घसरत असेल तर नुसत्या तेलाच्या बदलावर पैसे घालवू नका.

पायरी ३ : थंड गाडीपासून गरम गाडीपर्यंत चालवा

विकणाऱ्याला आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री करा. थंड गिअरबॉक्समध्ये आखडलेले सील दाब धरत नाहीत. गरम गिअरबॉक्समध्ये पातळ झालेले तेल झिजलेल्या फटींतून निसटते. दोन्ही अवस्था पाहिल्याशिवाय मत बनवू नका.

इंजिन सुरू करा, ब्रेक दाबून धरा, ‘पी’वरून ‘आर’ (रिव्हर्स) टाका. गाडीने साधारण एका सेकंदात हलका झोका देऊन गिअर पकडायला हवा. मग ‘एन’ (न्यूट्रल), मग ‘डी’. दोन सेकंद उलटूनही काही होत नाही आणि मग धाडकन धक्का बसतो, तर दाब कमी आहे किंवा सील गेले आहेत. रिव्हर्सचा उशीर विशेष ध्यानात घ्या. अनेक गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सर्वांत जास्त दाब लागतो, त्यामुळे दुबळेपणा तिथे आधी दिसतो.

नंतर हलक्या पायाने चालवा आणि प्रत्येक गिअर बदलताना आरपीएमचा काटा बघा. गिअर बदलला की काटा खाली यायला हवा. बदलताना तो आधी वर उडाला आणि गाडीने वेग घेतला नाही, तर त्या गिअरचा क्लच घसरतो आहे. कुठल्या गिअरला घडते ते लिहून ठेवा, मेकॅनिकला त्याचा फार उपयोग होतो.

यापुढची चाचणी बहुतेक जण करतच नाहीत. मोकळ्या सपाट रस्त्यावर ६० ते ८० च्या वेगाला पाय स्थिर ठेवा. या वेगाला टॉर्क कन्व्हर्टरच्या आतला लॉकअप क्लच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच, पकडतो. तो खराब असेल तर एक-दोन सेकंद गाडी खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरते. हे नक्की करायला, मागे वाहन नसल्याची खात्री करून, ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा, ब्रेक लाइट लागण्यापुरता. लॉकअप सुटतो, आरपीएम थोडे वर जाते आणि थरथर थांबली तर दोष लॉकअपचाच. डाव्या पायाची सवय नसेल तर हे शेजारी बसून जाणकाराकडून करवून घ्या. थरथर नुकती सुरू झालेली असेल तर योग्य तेल बदलून ती अनेकदा जाते. जुनी असेल तर कन्व्हर्टर बदलावा लागतो.

पुढे एक चढ गाठा. अर्ध्या चढावर ॲक्सिलरेटर जोरात दाबा. गिअर खाली पडून गाडीने ओढ घ्यायला हवी. इंजिन नुसते ओरडत राहिले तर परत फिरा. सीव्हीटीत आरपीएम वर चढून तिथेच राहणे स्वाभाविक आहे, पण वेगाबरोबर वाढणारी शिट्टी किंवा गुरगुर, आणि हळू वेगाला पुढे-मागे हिसके, हे वाईट लक्षण आहे. अर्धा-पाऊण तास चालवून झाल्यावर पुन्हा ‘आर’ आणि ‘डी’ टाकून पाहा. थंड असताना बरा असलेला गिअरबॉक्स आता उशीर लावत असेल तर तो आतून झिजलेला आहे.

शेवटी हलक्या उतारावर थांबवून ब्रेक दाबलेला ठेवा, ‘पी’ टाका, हँडब्रेक न लावता पायब्रेक हळूच सोडा. गाडी दोन-चार इंच सरकून थांबली पाहिजे. समोर माणूस किंवा वाहन असेल तिथे हे करू नका.

पायरी ४ : स्कॅनर लावा

अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपातल्या पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ओबीडी-२ चे, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचायचे, सॉकेट असते. तिथे स्कॅनर लावा. पी-०७०० हा कोड फक्त ‘गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे काहीतरी नोंद आहे’ एवढेच सांगतो. खरा कोड त्या कॉम्प्युटरमधून वाचावा लागतो, आणि स्वस्त स्कॅनर तो वाचतीलच असे नाही. पी-०७४१ लॉकअपकडे बोट दाखवतो, पी-०७३० गिअरच्या चुकीच्या गुणोत्तराकडे, पी-०७१५ इनपुट वेगाच्या सेन्सरकडे.

एकही कोड नसला तरी लगेच निर्धास्त होऊ नका. स्कॅनरमध्ये ‘रेडिनेस मॉनिटर’, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या का ते दाखवणारी यादी, पाहा. त्यातले बरेचसे ‘अपूर्ण’ दाखवत असतील तर कुणीतरी नुकतेच कोड पुसले आहेत किंवा बॅटरी काढली आहे. विकणाऱ्याकडे याचे पटणारे उत्तर नसेल तर व्यवहार सोडा.

पायरी ५ : गिअरबॉक्सवर ठपका ठेवण्याआधी

गाडी आधीच तुमची असेल आणि त्रास सुरू झाला असेल तर ही पायरी नीट वाचा. दुखणे एकीकडे आणि उपचार दुसरीकडे असे या बाबतीत फार घडते, आणि धड गिअरबॉक्स विनाकारण उघडले जातात.

गिअर टाकताना ‘ठक्’ होते? इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग पाहा. त्याचे रबर फाटले की सगळे धूड उसळून आपटते. जोर दिल्यावर गाडी थरथरते? स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल तपासा. मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे) हुबेहूब लॉकअपच्या थरथरीसारखा वाटतो, फक्त तो खालच्या गिअरांतही, जोर असताना राहतो. लिव्हर ‘पी’मधून निघतच नाही? ब्रेक लाइट लागतात का ते बघा. ब्रेक पेडलचा स्विच गेला की लिव्हर कुलूपबंद राहतो. गिअर वेड्यासारखे बदलतात आणि डॅशबोर्डवर तीन-चार दिवे एकदम लागतात? बॅटरी, अल्टरनेटर आणि अर्थिंगच्या तारा आधी. कमी व्होल्टेजला गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर चुकीचे निर्णय घेतो.

गाडी अचानक एकाच गिअरमध्ये अडकली, बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या, तर तो ‘लिम्प मोड’ आहे. काहीतरी बिघडले म्हणून कॉम्प्युटरने गिअरबॉक्स वाचवण्यासाठी घेतलेला तो पवित्रा असतो. सावकाश सुरक्षित जागी जा. इंजिन बंद-चालू केल्यावर सगळे ठीक झाले तर दोष सेन्सर, सोलेनॉइड (तेलाची वाट उघडणारी-मिटणारी विजेवरची झडप) किंवा वायरिंगचा असण्याची शक्यता वाढते, आणि ते गिअरबॉक्स न उतरवता दुरुस्त होऊ शकते. बरेच सोलेनॉइड चेंबर काढल्यावर हाताशी येतात.

पायरी ६ : वाचवायच्या सवयी

पूर्ण थांबल्याशिवाय ‘आर’ आणि ‘डी’ यांची अदलाबदल करू नका. उभी करताना ब्रेक दाबून आधी हँडब्रेक लावा, मग ‘पी’ टाका, म्हणजे गाडीचे वजन ‘पी’च्या छोट्या खिट्टीवर येत नाही. चढावर थांबलेली गाडी ॲक्सिलरेटरने तोलून धरू नका. ड्युअल क्लच आणि एएमटीचे क्लच यानेच जळतात. उतारावर ‘एन’ टाकून गाडी सोडू नका. बंद पडली तर ढकलून सुरू करायचा प्रयत्न नको, आणि ओढून न्यायची तर इंजिन ज्यांना फिरवते ती चाके जमिनीवरून उचललेली हवीत, कारण इंजिन बंद असताना तेलाचा पंप फिरत नाही आणि आतले भाग कोरडेच घासतात.

पायरी ७ : उघडावाच लागला तर

तेल जळके, गिअर घसरतो, चेंबरमध्ये धातूचे तुकडे : एवढे जुळले तर ओव्हरहॉलला, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्त करण्याला, पर्याय नाही. दुसऱ्या गाडीचा जुना गिअरबॉक्स स्वस्त पडतो, पण त्याचे तेल आणि चेंबर पाहायला मिळत नसेल तर तुम्ही तेच दुखणे पुन्हा विकत घेत आहात. मी चांगल्या कारागिराकडून केलेला ओव्हरहॉल पसंत करतो, आणि कारागीर चांगला की नाही हे त्याच्या उत्तरांवरून ओळखतो. बिघाड का झाला, हे त्याने सांगितले पाहिजे. नुसत्या क्लच प्लेट बदलून मूळ कारण, म्हणजे चिकटणारा व्हॉल्व्ह किंवा गळका सील, तसेच ठेवले तर नव्या प्लेटही जळतात. टॉर्क कन्व्हर्टर बदलणार की उघडून साफ करणार? तेलाचा कूलर आणि त्याच्या नळ्या धुणार की नवीन घालणार? या दोन प्रश्नांना तो ‘गरज नाही’ म्हणाला तर दुसरा कारागीर शोधा. जुन्या बिघाडाचे कण कूलरमध्ये अडकून बसलेले असतात आणि पहिल्याच दिवशी नव्या गिअरबॉक्समध्ये परत येतात.

गाडी हातात आल्यावर स्कॅनरने जुने ‘ॲडाप्टेशन’ (कॉम्प्युटरने झिजेनुसार शिकून ठेवलेला दाबाचा हिशेब) पुसून गिअरबॉक्सला नव्याने शिकवले आहे ना, हे विचारा. ते न केल्यास कॉम्प्युटर झिजलेल्या प्लेटच्या हिशेबानेच दाब देत राहतो आणि गिअर धक्के देत पडतात. कोणते भाग बदलले आणि कोणते तेल भरले हे बिलावर नावानिशी लिहून घ्या. पहिल्या हजार-दीड हजार किलोमीटरांनंतर त्याच कारागिराकडून चेंबर उघडून चुंबक पाहून घ्या. थोडी राखाडी भुकटी चालेल. चकाकणारे तुकडे दिसले तर त्यांचा फोटो काढा आणि कामाची वॉरंटी संपायच्या आत गिअरबॉक्स पुन्हा उतरवायला लावा.